खुराड्यातील घरघर आणि भोपाळची प्रयोगशाळा

भोपाळ शहराचे नाव निघाले की बहुतेकांस दोन गोष्टी आठवतात: एक तेथील विस्तीर्ण मोठा तलाव, आणि दुसरी १९८४ सालच्या डिसेंबरातील ती विषारी वायूची काळरात्र. परंतु त्याच शहराच्या आनंदनगर भागात एक अशी संस्था उभी आहे की, तिचा संबंध खेड्यापाड्यांतील प्रत्येक खुराड्यापर्यंत पोहोचतो. आणि तरीही ज्या माउलीच्या हाती ते खुराडे असते तिला त्या संस्थेचे नावही सहसा ठाऊक नसते. राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थान हे तिचे नाव. आपल्या परसातील कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर त्या कशाने मेल्या याचा अखेरचा निवाडा तेथे होतो. आज या सदरात आम्ही त्या निवाड्याविषयी, आणि त्याहूनही अधिक, तो होईपर्यंत आपण घरी काय करावे याविषयी लिहीत आहो.

दहाबारा कोंबड्या ही काही फार मोठी मालमत्ता नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु खेड्यातील संसार ज्यांनी जवळून पाहिला आहे ते तसे म्हणणार नाहीत. अंडी विकून आलेले चार पैसे हे बहुतेक घरांत गृहिणीच्या स्वतःच्या हातचे पैसे असतात. मुलांच्या वह्या, आजाऱ्याचे औषध, अचानक आलेल्या पाहुण्याचा पाहुणचार हे सारे त्यातून भागते. म्हणूनच खुराड्यात साथ शिरली म्हणजे नुकसान कोंबड्यांचे होते तसे घराच्या आधाराचेही होते. आणि असा आधार डळमळू लागला की माणसाच्या हातून घाईने जे घडते, तेच पुढे साऱ्या गावास भोवते.

साथीची सुरुवात बहुधा सारखीच असते. सकाळी खुराड्याचे दार उघडावे, तो एखादी कोंबडी बाहेर येत नाही. पिसे फुलवून, डोळे मिटून ती कोपऱ्यात बसलेली असते. मान लांब करून व चोच वासून ती श्वास घेते, आणि तिच्या घशातून घरघर ऐकू येते. कोणी शिंकते, कोणाच्या नाकातून पाणी वाहते. आमच्याकडे या सर्वांस 'कोंबड्यांना सर्दी झाली' असे एकच नाव देण्याची रीत आहे. वस्तुतः त्या एका नावाखाली निरनिराळे रोग दडलेले असतात. त्यांपैकी काही बरे होणारे, तर काही गावच्या गाव रिकामे करणारे असतात.

पहिला रोग म्हणजे संसर्गजन्य सर्दी. पशुवैद्य तिला कोरायझा म्हणतात. हिच्यात कोंबडीचे तोंड व डोळ्यांभोवतीचा भाग सुजतो, नाकातून घट्ट व दुर्गंधी स्राव येतो आणि डोळे चिकटतात. अंडी कमी होतात, पण मरतुक फारशी होत नाही. दुसरा रोग श्वासनलिकेचा जुनाट विकार होय. तो मायकोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जंतूंमुळे होतो. रात्री सारे निजानीज झाल्यावर खुराड्याजवळ उभे राहिले तर त्याची घरघर स्पष्ट ऐकू येते. हा रोग महिनोन्‌महिने रेंगाळतो आणि अंड्यातून पिलातही उतरतो. हे दोन्ही रोग जंतूंचे असल्यामुळे पशुवैद्याने दिलेल्या औषधाने आटोक्यात येतात. मात्र बरी दिसू लागलेली कोंबडी रोगाचे बीज अंगी बाळगून राहू शकते, हे विसरू नये. औषध चालू असताना, व त्यानंतर पशुवैद्य सांगेल तितके दिवस, त्या कोंबडीची अंडी व मांस खाऊ नये आणि विकूही नये.

तिसरा रोग राणीखेत. १९२६ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे व जावा बेटात तो प्रथम ओळखला गेला; पुढच्याच वर्षी तो कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे आढळला, आणि आपल्या देशात त्या गावाचेच नाव त्यास चिकटले. आमचे शेतकरी त्यास मानमोडी म्हणतात, आणि ते नाव अगदी यथार्थ आहे. घरघर व हिरवट-पांढरी हगवण यांच्या मागोमाग कोंबडीची मान पिळवटते, पंख लुळे पडतात, ती स्वतःभोवती गरगर फिरते आणि मरते. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाने माणसे पटापट मरू लागली तेव्हा आमच्या वाडवडिलांनी त्या साथीसही मानमोडी हेच नाव दिले होते. राणीखेत विषाणूंमुळे होतो. त्यावर औषध नाही. परंतु त्यास दूर ठेवणारी लस आहे. तिच्याविषयी पुढे लिहू.

चौथा रोग बर्ड फ्लू. त्याच्या तीव्र प्रकारात कधी कधी घरघर ऐकू येण्यासही अवधी मिळत नाही. आदल्या संध्याकाळी दाणे टिपणाऱ्या कोंबड्या सकाळी मरून पडलेल्या असतात. तुरा व गलोल निळसर पडतात, डोके सुजते, पायांवर रक्त साकळल्याचे डाग दिसतात. परंतु ही सारी लक्षणे प्रत्येक वेळी दिसतीलच असे नाही. राणीखेतनेही तशीच झपाट्याने मरतुक होते. तेव्हा अनुभवी पशुवैद्यही केवळ डोळ्यांनी पाहून, 'हा राणीखेत आहे, बर्ड फ्लू नव्हे' असे खात्रीने सांगू शकत नाही. येथेच भोपाळचा संबंध येतो.

संशय आला म्हणजे पशुवैद्य मेलेले पक्षी, किंवा आजारी पक्ष्यांच्या नरड्यातील व गुदद्वारातील स्राव, नीट बंदिस्त करून बर्फात ठेवतात. आपल्या राज्यात हे नमुने पुण्याच्या रोग अन्वेषण विभागात जातात आणि तेथून अंतिम निर्णयासाठी भोपाळला पाठविले जातात. तेथील प्रयोगशाळेची रचना समजून घेण्यासारखी आहे. आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो. त्यामुळे दार उघडले तरी वारा आत शिरतो, आतील हवा बाहेर येत नाही. बाहेर सोडावयाची हवा अतिसूक्ष्म गाळण्यांतून जाते. आत काम करणाऱ्यास बाहेर पडण्यापूर्वी कपडे बदलून स्नान करावे लागते. मग तेथे विषाणूच्या जनुकांची परीक्षा होते. आणि गरज पडल्यास पिलू वाढत असलेल्या कोंबडीच्या अंड्यात तो नमुना टोचून विषाणू वाढतो की काय हेही पाहिले जाते. कोंबडीच्या मरणाची साक्ष अशा रीतीने कोंबडीचेच अंडे देते. एका परसातील मेलेल्या पक्ष्यासाठी शास्त्रज्ञ इतकी सावधगिरी बाळगतात, आणि आम्ही मात्र तोच पक्षी उघड्या हाताने उचलून ओढ्यात फेकतो! दोहोंतील अंतर वाचकांनीच मोजावे.

ही प्रयोगशाळा पूर्वी इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्थेची शाखा होती. २०१४ साली तिला स्वतंत्र संस्थेचा दर्जा मिळाला. तिचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत प्रथम पोहोचले ते २००६ च्या फेब्रुवारीत. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या हजारोंनी मरू लागल्या. आरंभी अनेकांस तो राणीखेतच वाटला. १८ फेब्रुवारी रोजी भोपाळच्या परीक्षेचा निकाल जाहीर झाला तेव्हा भारतातील तीव्र बर्ड फ्लूची ती पहिलीच नोंद ठरली. नवापूरच्या शेडांतून लक्षावधी पक्षी नष्ट करावे लागले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील खेड्यांत आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात इच्छापूर येथे तोच रोग आढळला. तेथे तो मोठ्या शेडांपुरता न राहता घरोघरच्या परसात शिरला होता.

तेव्हापासून हा पाहुणा वारंवार येत आहे. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि भोपाळने बर्ड फ्लूचाच निकाल दिला. त्याच महिन्यात मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात प्रसिद्ध कडकनाथ कोंबड्यांतही तो सापडला. २०२५ च्या जानेवारीत रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात चिरनेर येथे परसातील कोंबड्यांवर तो आला. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मरून पडले. त्याआधीच्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या दगावले. त्यांच्या नमुन्यांतही भोपाळला हाच विषाणू आढळला. वाघासारख्या प्राण्याची ही गत होते, तर मेलेली कोंबडी घरच्या मांजराकुत्र्यापुढे टाकणे किती धोक्याचे आहे हे निराळे सांगावयास नको. माणसास हा रोग क्वचित होतो. पण होतो तेव्हा तो भयंकर असतो. २०२१ च्या जुलैमध्ये हरयाणातील एक मुलगा दिल्लीच्या रुग्णालयात या रोगाने मरण पावला. या विषाणूने माणसाचा मृत्यू झाल्याची आपल्या देशातील ती पहिली नोंद होय.

आता घरी काय करावे ते पाहू. ज्या क्षणी पहिली कोंबडी घरघरताना दिसेल, त्या क्षणी तिला इतरांपासून दूर, वेगळ्या टोपलीखाली ठेवावे. दाणापाणी प्रथम निरोगी कोंबड्यांस द्यावे, मग आजाऱ्यांस. उलट क्रम कधीही नको. आजाऱ्यांचे पाण्याचे भांडे निराळे असावे. हात साबणाने धुवावे व वहाणा खुराड्याच्या बाहेर निराळ्या ठेवाव्या. उरलेल्या सर्व कोंबड्या कोंडून घालाव्या. त्या शेजाऱ्याच्या उकिरड्यावर जाता कामा नयेत. मुलांस त्यांच्यापासून दूर ठेवावे. खुराड्यात धूर करू नये. घरघरणाऱ्या पक्ष्याच्या श्वासनलिकेस धूर म्हणजे जखमेवर मीठ होय. हळद व लसूण खाऊ घातल्याने विषाणू मरत नाही. माणसाच्या औषधांतील उरलेल्या गोळ्या पाण्यात कालवून देण्याची जी चाल पडली आहे, ती तर सर्वथा सोडावी.

एकदोन कोंबड्या मंदावल्या असतील तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. परंतु एका रात्रीत अनेक कोंबड्या मेल्या, किंवा आसपास कावळे, बगळे मरून पडलेले दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यास वर्दी द्यावी. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी चालतो. मेलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये. तोंडाला फडके बांधावे, हातावर पिशवी चढवावी आणि पक्षी दुहेरी पिशवीत बांधून पशुवैद्य येईपर्यंत कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागणार नाही असा ठेवावा. सारे पक्षी घाईने पुरून टाकले तर परीक्षेस काहीच उरत नाही. नमुना घेऊन झाल्यावर विहिरीपासून दूर खोल खड्डा खणून, चुना टाकून ते पुरावे. ओढा, खाडी किंवा रस्ता ही त्यांची जागा नव्हे.

येथवर वाचून वाचक मनात म्हणत असतील, 'वर्दी द्या असे लिहिणे सोपे आहे. पण वर्दी दिली तर सरकारी माणसे येतील आणि माझ्याच नव्हे, तर शेजारणीच्याही धडधाकट कोंबड्या मारून टाकतील. मग गावात तोंड कसे दाखवू?' ही शंका खोटी नाही, आणि तिला बगल देण्याची आमची इच्छा नाही. बर्ड फ्लू ठरला तर रोगाच्या ठिकाणापासून साधारण एक किलोमीटरच्या परिघातील कोंबड्या नष्ट केल्या जातात व दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. त्यांत निरोगी पक्षीही जातात. ज्या घरी काही झालेले नाही त्या घरास हा अन्याय वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु दुसरी बाजूही डोळ्यांसमोर ठेवावी. सरकारी आज्ञेने जे जिवंत पक्षी नष्ट केले जातात त्यांची भरपाई ठरलेल्या दराने मिळते. तिचा भार केंद्र व राज्य मिळून उचलतात. आधीच मेलेल्या पक्ष्यांची भरपाई मात्र मिळत नाही. म्हणजे जो दोन दिवस वाट पाहतो त्याच्या कोंबड्या जातात आणि भरपाईही जाते. आणि जो लवकर कळवितो त्याच्या व त्याच्या शेजाऱ्याच्या पदरी काही तरी पडते. मिळणारी रक्कम घरच्या तलंगेच्या मोलाची असतेच असे नाही, आणि ती कधी उशिरा हाती येते, हे आम्हांस मान्य आहे. तथापि एका बाजूस दहा कोंबड्यांचे मोल, आणि दुसऱ्या बाजूस साऱ्या पंचक्रोशीतील खुराडी व कदाचित एखाद्या लेकराचा जीव, असा हा तराजू आहे.

आणि ज्या मोहाविषयी आम्हांस सर्वांत अधिक बोलावयाचे आहे तो याहूनही जवळचा आहे. घरात चार कोंबड्या मेल्या की उरलेल्या सहा मरण्यापूर्वी बाजारात नेऊन विकाव्या, असे गरजवंत माणसाच्या मनात येते. पक्षी अजून चालताबोलता असतो, घेणारा काही विचारत नाही, आणि हाती पैसे येतात. पण त्या टोपलीतून आपण कोंबडी विकीत नाही, रोग विकतो. घेणाराही आपल्यासारखाच गरीब असतो. तो ती कोंबडी आपल्या परसात सोडतो, आणि पुढच्या आठवड्यास त्याच्या घरी तेच मरण येते. शेजाऱ्यावर प्रीती करावी हे आपण सर्व जण लहानपणापासून ऐकत आलो आहो. ती प्रीती आजारी कोंबड्यांच्या टोपलीपाशी जशी पारखली जाते, तशी मोठमोठ्या गोष्टींतही पारखली जात नाही. आणि ज्या घरावर अशी आपत्ती आली असेल त्यास दोष न देता, शेजाऱ्यांनी पुढे एखादी तलंग, पाचपंचवीस अंडी देऊन त्याचे खुराडे पुन्हा उभे करावे. तसे झाले तर वर्दी देण्याची भीती गावातून आपोआप नाहीशी होईल.

रोग येऊच नये म्हणून काय करावे, हे सांगून आजचा लेख संपवितो. तीव्र बर्ड फ्लूसाठी आपल्या परसातील कोंबड्यांना लस दिली जात नाही. शोधणे व नष्ट करणे हेच आजवरचे धोरण आहे. पण राणीखेतवर लस आहे, आणि आपल्या देशात कोंबड्यांचा सर्वांत मोठा संहार करणाऱ्या रोगांपैकी तो एक आहे. पिलू पाचसात दिवसांचे झाले की डोळ्यात वा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्यास पुन्हा लासोटा, आणि आठव्या आठवड्यास मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकात तयार झालेली आर-टू-बी ही टोचण्याची लस, असा साधारण क्रम आहे. ही शेवटची लस कोवळ्या पिलास देऊ नये. ती त्यास सोसत नाही. लस निरोगी पक्ष्यासच द्यावी. आजाऱ्यास ती औषध म्हणून उपयोगी पडत नाही. लस थंड ठेवावी लागते आणि एकदा कालविली की तासादोन तासांत संपवावी लागते. एका कुपीत शंभर किंवा अधिक कोंबड्यांपुरती लस असते. एकट्या घरास ती परवडत नाही असे म्हणून पुष्कळ जण ती घेतच नाहीत. त्याऐवजी आळीतील दहा घरांनी एक दिवस ठरवून, पशुवैद्यास बोलावून, सर्व कोंबड्यांस एकदम लस द्यावी. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर हे काम सोपे जाते.

खुराड्याची जागा कोरडी असावी. खाली भाताचे तूस पसरावे व ओले झाले की बदलावे. पावसाळ्यात झड येऊ नये म्हणून खुराडे चहूबाजूंनी लिंपून बंद करू नये. विष्ठेचा उग्र वाफारा आत कोंडला की श्वासनलिका नाजूक होते आणि रोगास वाट सापडते. छपराखाली वारा खेळण्यास फट ठेवावी. चुना किंवा ब्लीचिंग पावडर मारण्यापूर्वी खुराडे खरवडून, घासून धुवावे. घाणीवर टाकलेली पूड वाया जाते.

शेवटची गोष्ट सणांची. थंडीत दूरदेशीचे पक्षी आपल्या तळ्यांवर व खाड्यांवर उतरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत नाताळासाठी बाजारातून कोंबडे घरी येतात. असा नवा पक्षी घरच्या कोंबड्यांत सोडू नये. खाण्यासाठी आणला असेल तर वेगळा ठेवून लवकर कापावा. कापताना झालेली घाण पुरावी, पाटी व सुरी साबणाने धुवावी आणि मांस आतपर्यंत शिजवावे. ७० अंश सेल्सिअसच्या उष्णतेपुढे हा विषाणू टिकत नाही. आजारी किंवा आपोआप मेलेली कोंबडी मात्र कितीही शिजवली तरी ताटात येऊ नये. पाळण्यासाठी आणला असेल तर तीन आठवडे दुसऱ्या जागी ठेवावा. या तीन आठवड्यांत त्याच्या अंगात काही असेल तर ते बहुधा बाहेर पडते, आणि नुकसान झाले तर एकाच पक्ष्याचे होते.

ज्या वाचकांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी हा अंक बाजूस ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्या, अशी आमची विनंती आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावा; आणि शेजारणीस विचारावे, 'तुमच्या कोंबड्यांना मानमोडीची लस कधी दिली होती?' तिलाही आठवत नसेल, तर दोघींनी मिळून दिवस ठरवावा.